लढाईवरनं आलेली सुरी

माझं माहेर शेळगावचं, इंदापूर तालुक्यातलं, आन् सासर पणदऱ्याचं, बारामतीकडचं. तिकडं वांगी-टोमॅटो आन् डाळिंब, हिकडं ऊस आन् गाया, एवढाच काय तो फरक, बाकी वाकायचं दोन्हीकडं सारखंच. नाव माझं कमल. वय धरा साठ-एकसष्ट, खरी तारीख आईलाबी ठावं नव्हती, ती म्हणायची, तुझं तात्या पलटणीत गेलं त्याच्या आधल्या साली तू झालीस. तुमी सुरीचं विचारायला आलाय, सांगती की, पर सुरीचं सांगायचं तर आधी तात्यांचं सांगाया पायजे, आन् तात्यांचं काय सांगू तुमाला, तो माणूस दिवसाला मोजून धा शब्द बोलायचा, त्यातलं चार बैलासंगं.

तात्या म्हंजी माझं वडील. एकाहत्तरच्या लढाईत व्हतं. आमच्या आळीत तवा फौजेत गेलेला माणूस दुसरा नव्हता, म्हणून सगळी त्यांना फौजीच म्हणायची. लढाई संपल्यावर पयल्या रजेला आलं तवा त्यांच्या लोखंडी पेटीत ती सुरी व्हती. परत जाताना सगळं सामान भरलं, सुरी तेवढी घरीच ठिवली, आईला म्हणलं, असू दे हितंच. मी तवा लहान व्हते, पर मला आठवतंय, गाव बघायला आलं व्हतं आन् निम्मं गाव नाराज होऊन गेलं. लोकांना वाटलेलं काय तलवारीसारखं असंल, आन् बघत्यात तर वीतभराची मिटायची सुरी, काळी मूठ, मुठीला खवलं, शेवटाला कडी, एका अंगाला पातं आन् दुसऱ्या अंगाला दाभणासारखा टोच्या. तरी कौतिक व्हतंच. लोकं विचारायची, फौजी, हिनं किती मारलं? तात्या हसायचं न्हाईत आन् बोलायचंबी न्हाईत, टोपी नीट करायचं आन् उठून जायचं. आता जो माणूस आपलं आपण सांगत न्हाय, त्याचं लोकं सांगत्यात. न्हाव्याच्या दुकानात पाच जण मारलं असं सुरू झालं, ते दोन वर्सांत सातावर गेलं, आन् आमी पोरंबी शाळंत छाती काढून सात म्हणायचो.

घरात मात्र त्या सुरीला कुणी हात लावायचा न्हाय. पुढं तात्या पेन्शनीत निघालं, कायमचं घरी आलं, तवाची गोष्ट. आईनं एकदा कांद्याची गोण सोडायला विळी जवळ न्हाय म्हणून पेटीतली सुरी घेतली आन् सुतळी कापली. सुतळीच कापली वो, दुसरं काय न्हाय. तात्या दारातनं बघत व्हतं. आलं, तिच्या हातातनं सुरी घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली, मिटली, पेटीत ठिवली आन् वांग्याच्या वावरात जाऊन बसलं. दोन दिवस जेवलं न्हाईत. आई म्हणायची, एवढी काय देवाची हाय का ती? पर देवाची म्हणावी तर तसंबी न्हाय, खंडेनवमीला आमी खुरपी, विळं, कोयतं, कुदळ सगळं धुवून मांडायचो, झेंडूची फुलं वाहायचो, सुरी काय तात्यांनी एकाबी साली पूजंला मांडू दिली न्हाय. म्हणायचं, तिला नको.

आमच्याकडं एक रीत हाय, तुमच्याकडंबी असंल. हळद लागली की नवरदेवानं लोखंड सोडायचं न्हाय. कट्यार असंल तर कट्यार, न्हाय तर सुरी, तिच्या टोकाला लिंबू खोचायचं आन् ती नवरदेवाच्या हातात द्यायची, मांडव उतरंपतुर त्यानं ती धरूनच बसायचं, जेवायला बसला तरी मांडीखाली. बाहेरचं काय लागू नये म्हणून. आता तर भाड्यानं मिळती, मखमली म्यानाची, लाल खडं बसवल्याली. पर तवा ज्याच्या घरात चांगलं लोखंड असंल त्याच्याकडनं मागून आणायचं, आन् आमच्या घरात तर लढाईवरनं आलेलं लोखंड.

पयल्यांदा मागाया आलं ते थोरलं आबा. आबा म्हंजी तात्यांचं सख्खं थोरलं भाऊ. त्यांच्या बाळूदादाचं लगीन व्हतं. स्वतः आलं, ओट्यावर बसलं, चहा घेतला, म्हणलं, फौजी, बाळूच्या हातात तुझीच सुरी पायजे बरं का, शूर माणसाचं लोखंड, पोराला बळ यील. तात्या म्हणलं, न्हाय. आबाला वाटलं थट्टा करतोय. का रं न्हाय? न्हाय द्यायची, दादा, दुसरं काय बी माग, बैलजोडी माग. आबा म्हणलं, मला बैलजोडी नको, मला कारण सांग. तात्या खाली बघून बसलं. आबांनी कप तसाच निम्मा ठिवला आन् पायात चप्पल घातली.

मी तवा सोळा-सतरा वर्सांची. काय राग आला मला तात्यांचा! लग्नाला गेलो आमी, पर पाव्हण्यासारखं गेलो आन् पाव्हण्यासारखं आलो. तवापासनं दोन भावांचं बोलणं तुटलं. विहीर एकच, मोटार एकच, पाळी ठरवायची तर आबा बांधावरनं मला हाक मारणार, कमळे, तुझ्या बापाला सांग मोटार सोडलीया, आन् तुझा बाप तर चार वाफ्यांवरच उभा. गावात म्हणायचं, फौज्याला गर्व झालाय. आईलाबी तसंच वाटायचं, मलाबी. माझ्या मनानं एक घेतलं व्हतं, की तात्यांनी ती सुरी दत्तूसाठी राखून ठिवलीया. दत्तू म्हंजी माझा पाठचा भाऊ, एकटाच. मला वाटायचं, स्वतःच्या पोराच्या लग्नात पयल्यांदा काढायची म्हणून भावाच्या पोराला दिली न्हाय, बोलायची लाज वाटती म्हणून गप ऱ्हात्यात. माणूस गप असला की आपणच त्याच्या तोंडात बोलणं घालतो बघा.

दत्तूचं लगीन ठरलं डाळजच्या सिंधूसंगं. मी तवा पणदऱ्यात दोन लेकरांची आई झालेली, मानाची बहीण म्हणून चार दिवस आधी गेलेली. लई बरं वाटत व्हतं, कारण आबाबी लग्नाला येणार व्हतं. पुतण्याच्या तोंडाकडं बघून त्यांचा राग निवला व्हता, तात्यांच्या हातनं आवतणाची अक्षदा घेतली व्हती, बोललं न्हाईत, पर घेतली. हळद लागली आन् बायकांनी ओरडा केला, कट्यार कुठाय? बाशिंग आणलं, तोरण आणलं, इंदापुरातनं कट्यार आणायचीच ऱ्हायली. कुणी म्हणलं विळा द्या, कुणी म्हणलं अडकित्ता द्या. मी म्हणलं, थांबा. तात्या मांडवात मंडळींना पाणी देत व्हतं. मी आत गेले, खुंटीवरची किल्ली काढली, पेटी उघडली, सुरी घेतली, लिंबू खोचलं आन् दत्तूच्या हातात दिली. मीच दिली, ह्या हातानं. दत्तूचं तोंड असं फुललं म्हणून सांगू, म्हणला, आक्का, तात्यांनी दिली? मी म्हणलं, व्हय. खोटं बोलले.

तात्या वऱ्हाडाच्या गाडीत पुढं गेलेलं, डाळजला मारुतीच्या पारावर नवरदेव उतरला तवा त्यांनी बघितलं. मी त्यांच्याकडंच बघत व्हते, म्हणलं आता खुश व्हत्याल. त्यांचं तोंड राखंसारखं झालं. पर लग्नात काय बोलणार? आलं आन् दत्तूच्या मागं उभं ऱ्हायलं. मंगळाष्टका झाल्या, जेवणं झाली, माणूस दत्तूच्या मागनं हलला न्हाय, पाणीसुद्धा घेतलं न्हाय. आन् आबांनीबी सुरी बघितली. त्यांना काय वाटणार? माझ्या पोराला न्हाय दिली, सोताच्या पोराला दिली. आबा पंगतीला बसलं व्हतं, पानावरनं उठलं आन् चालत हमरस्त्याला जाऊन यष्टीत बसलं. त्यांना अडवायलाबी तात्या गेलं न्हाईत. दत्तूच्या मागनं हलायचं नव्हतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला वावरात बोलावलं. डाळिंबाच्या सरीत बसलं व्हतं. सुरीचं लिंबू काढून मातीत पुरलं व्हतं, पातं पुसून पुसून चमकवलं व्हतं. मी भ्याले, म्हणलं आता मारत्यात. मारलं न्हाय. आवाजबी चढवला न्हाय. जन्मात बोलला नव्हता तेवढा तो माणूस त्या सकाळी बोलला.

म्हणलं, कमल, मी हिनं कुणाला मारलं न्हाय. माझ्या हातात बंदूकबी नव्हती. मी जखमी उचलायच्या तुकडीत व्हतो. जखमी व्हता त्याला उचलायचा, आन् ज्यात जीव नसंल त्याचा बिल्ला काढायचा. जवानाच्या अंगावर नंबराचं दोन बिल्लं असायचं, एक गळ्यात, एक मनगटात. एक त्याच्यासंगं ठिवायचा आन् एक दोरी कापून जमा करायचा, म्हंजी कोण गेला ते घरी कळवायला. ती दोरी मी हिनं कापायचो. दुसरं काय काम ह्या सुरीनं केलं न्हाय.

मी म्हणलं, तात्या... तर म्हणलं, थांब, अजून हाय. एक पोरगा व्हता. आपल्या मुलखातलाच. आठ दिवसांमागं लगीन करून आलेला. लग्नाच्या रजेवर असताना तार आली आन् कंकण सोडायच्या आधीच निघाला. पलटणीत सगळी त्याची मस्करी करायची, कारण हाताला हळकुंड तसंच बांधलेलं. काढ म्हणलं तर म्हणायचा, बायकू सोडील, तिनंच सोडायचं असतंय. तो मला सापडला. मनगटात बिल्ल्याची दोरी आन् हळकुंडाचा दोरा असा एकात एक गुतलेला, ओला व्हऊन आवळलेला, वरनं गोळं पडायलेलं, गाठ सोडवत बसायला येळ नव्हता. मी दोन्ही एकदम कापलं. बिल्ला कुठं जमा करायचा ते ठरलेलं व्हतं. हळकुंडाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मंग मी ते परत त्याच्या मनगटाला बांधलं. दोरा तोकडा झाला व्हता, गाठ काय नीट बसली न्हाय.

असं म्हणलं आन् तात्यांनी आपल्या एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटाभोवती फिरवली, गाठ मारत्यात तशी. बाविशीचा पोरगा, म्हणलं. दत्तूएवढा. काल दत्तूच्या हातात हळकुंड बी व्हतं आन् ही सुरी बी.

मी तिथंच मातीत बसले. म्हणलं, मंग आबाला सांगायचं व्हतं की वो! तर म्हणलं, लग्नघरात मेलेल्याचं बोलत न्हाईत. कंकण कापलं, हे पोराच्या लग्नात कसं सांगू? आन् तूबी सांगू नगंस. दत्तूला न्हाय, सिंधूला न्हाय. माझ्या गळ्याशपथ. मी शपथ घेतली. त्यांच्या मनात तेवढंच व्हतं की अभद्र बोलू नये, पर त्या न बोलण्यापायी सख्खा भाऊ तुटला, पुढं आबा वारलं तवा तात्यांनी खांदा दिला, पर बोलणं काय परत झालं न्हाय.

आता माझं ऐका. सिंधूला दुसऱ्या वर्सी दिवस गेलं, पाचव्या म्हैन्यात पडलं. तिसऱ्या वर्सी परत तसंच. तुमी म्हणाल शिकलेल्या बाईला हे पटत न्हाय, मी चौथी शिकलीया, मला पटत व्हतं. पयल्या बारीला मी हिकडं गोठ्यात गाईची धार काढत व्हते, तवा निरोप आला. मला दिसत व्हतं ते एवढंच, की मी लिंबू खोचलं आन् मी दत्तूच्या हातात दिली. तात्यांनीबी तसंच धरलं असंल का, ते बोललं न्हाईत, पर पेटीला त्यांनी दुसरं कुलूप घातलं. मी शनिवार धरलं, सोमवार धरलं, अनवाणी फिरले, कुणाला सांगितलं न्हाय कशासाठी. आन् माहेरी जायचं कमी केलं. सिंधूचं तोंडच बघवंना. ती दारात यायची, वन्सं आल्या म्हणायची, पाणी आणायची, आन् मला तिच्या हातातला तांब्या घ्यायलाबी धीर व्हायचा न्हाय. सकाळी जायची ती सांजच्या यष्टीनं परत. दत्तू म्हणायचा, आक्का, एक दिस तरी ऱ्हा. मी म्हणायची, गाया हायत्या माझ्या. गायांवर लई खापर फोडलं मी.

मंग पाच वर्सांनी ओंकार झाला. धडधाकट, काळासावळा, तात्यांच्या नाकाचा. मी बाळाला बघाया गेले आन् लांबनंच बघितलं, हातात घेतलं न्हाय. सिंधूनं पुढं केलं व्हतं वो. मी म्हणलं माझं हात गार हायत्या.

तात्या गेलं. आई गेली. मला वाटलं सुरीचंबी आता संपलं. पर ओंकारचं लगीन ठरलं ह्या साली. पोरगा डाळिंबाची बाग बघतो, हुशार हाय, ड्रिप, फवारणी, बाजारभाव सगळं मोबाईलवर. आन् आता लग्नाआधी फोटो काढायची पद्धत निघालीया, नवरा-नवरी शेतात पळत्यात, बांधावर बसत्यात, तसं. त्यानं पेटी उघडली आन् सुरी काढली. मला फोन केला, आत्या, आजोबांची युद्धातली सुरी घेऊन मी फोटो काढणार, आन् लग्नात तीच धरणार, बाबांच्या हातात होती तशी. बाबा म्हणत्यात लिंबू आत्यानंच खोचायचं.

दोन दिवस मला अन्न गेलं न्हाय. सांगावं तर तात्यांच्या गळ्याची शपथ आन् लग्नघरात अभद्र. न सांगावं तर परत माझ्याच हातानं त्या पोराला द्यायची, आन् उद्या काय झालं तर? आमच्या मालकांना मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं दुखतंय खुपतंय, म्हणलं बारामतीला दाखवून येऊ. मी म्हणलं, मला शेळगावला सोडा.

सिंधू शेडात डाळिंब निवडत व्हती. मी तिच्यासमोर बसले आन् फळं हातात घेतली, हे क्रेटात, हे बाजूला, असं करत करत सगळं सांगितलं. बिल्ल्याचं, त्या पोराचं, हळकुंडाचं, मी किल्ली काढली त्याचं. आन् म्हणलं, सिंधू, तुझी दोन लेकरं माझ्यापायी गेली, मला माफ कर. तिचा हात थांबला. मला वाटलं आता हाकलती.

बोलली ती रागानंच बोलली. म्हणली, वन्सं, तीस वर्सं तुमी माझ्या घरी ऱ्हायला न्हाईत ते ह्यापायी? मला वाटायचं मी तुमाला पसंत न्हाय. माझी लेकरं गेली तवा सासूबाईजवळ रडायची चोरी, माझी आई लांब, मी तुमची वाट बघायची, वन्सं येत्याल, त्यांच्या गळ्यात पडीन, आन् तुमी पाणी पिऊन उठायचा! अवं, माझ्या पिशवीचं तोंड सैल व्हतं. डाक्टरीणबाईनं बारामतीत टाका घातला, सहा म्हैनं उताणं निजवून ठिवलं, तवा ओंकार झाला. सुरीचा काय संबंध? मला एकदा इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?

काय सांगू तुमाला, मला सुटल्यासारखंबी झालं आन् मेल्याहून मेल्यासारखंबी झालं. एवढी वर्सं मी देवाला इचारत बसले आन् जिला इचारायचं तिला इचारलं न्हाय. आमी दोघी डाळिंबाच्या क्रेटावर डोकं ठेवून रडलो. मंग पदरानं तोंड पुसून सिंधू म्हणली, आता हे पोराला सांगा. तो धरणार हाय, त्यानं ठरवायचं. मी म्हणलं, लग्नघर हाय गं. ती म्हणली, असू दे लग्नघर.

दुपारच्या चहाला दत्तूला आन् ओंकारला बसवलं आन् सांगितलं. दत्तू तर भिताडाकडं तोंड करून बसला. ओंकारच्या हातात मोबाईल व्हता, तो त्यानं पालथा ठिवला. सगळं ऐकून म्हणला, त्याचं नाव काय होतं आत्या? मी म्हणलं, तात्यांनी सांगितलं न्हाय, का त्यांनाच ठावं नव्हतं, देव जाणे. म्हणला, आणि आजोबांनी परत बांधलं? व्हय, बांधलं. पोरानं सुरी हातात घेतली. म्हणला, फोटो नको. पर लग्नात मला हीच पायजे, कारण आता मला कळलं मी काय धरतोय. मी म्हणलं, बाळा, मला भ्या वाटतंय. तर म्हणला, भ्या वाटतंय तर आजोबा बाबांच्या मागं उभं ऱ्हायलं तसं तुमी माझ्या मागं उभ्या ऱ्हावा.

हळदीच्या दिवशी बाळूदादा आला, आबांचा मुलगा. आता त्याचंच केस पांढरं. त्यालाबी मी बाजूला घेऊन सांगितलं, म्हणलं, एवढं वझं टाकायला घेतलंय तर सगळंच टाकू. तो ऐकत ऱ्हायला आन् म्हणला, एवढंच व्हय गं? आबा शेवटपतुर म्हणत व्हता, फौज्यानं माझ्या पोराला हलकं धरलं. मी त्याचं हात धरलं. तो मांडवात गेला, ओंकारच्या शेजारी बसला, आन् सुरीवरचं लिंबू कलतं झालं व्हतं ते त्यानं नीट केलं.

लगीन चांगलं झालं. मी मागं उभी व्हते, पाय सुजलं, पर हलले न्हाय. दुसऱ्या दिवशी घरी कंकण सोडायचं. तुमाला ठावं असंल, नवरीनं नवरदेवाचं हळकुंड एका हातानं सोडायचं, नवरदेवानं नवरीचं. हसायचा कार्यक्रम असतोय तो, बायका चिडवत्यात, गाणी म्हणत्यात. ओंकारनं ऋतुजाचं सोडलं लगेच. ऋतुजा म्हंजी आमची सून, भिगवणकडची. तिला काय त्याची गाठ सुटंना. दोरा हळदीत भिजून वाळलेला, दगड झालेला. पाच मिंटं झाली, धा झाली. पाव्हण्यांचा टेम्पो बाहेर उभा, डायवर हारन वाजवतोय. कुणीतरी पाव्हणी म्हणली, अगं, सुरी हाय की तिथं, कापून टाका, कुठवर बसायचं.

मी काय बोलायच्या आत ओंकारनं हात छातीशी घेतला. आन् ऋतुजा, कालची आलेली पोर, मान खाली घालून म्हणली, कापायचं न्हाय, मी सोडती. त्यानं तिला सांगितलं व्हतं. लग्नाआधीच सांगितलं व्हतं बघा, आमच्यासारखं न्हाय केलं. गाणी थांबली. दत्तू उठला आन् बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हणला, हारन बंद कर, येळ लागंल. ती पोर एका हाताच्या नखानं दोरा उकलत बसली, बोट लाल झालं, सिंधूनं कोमट पाणी आणलं, थेंब थेंब सोडलं, आन् आमी सगळी तिच्या हाताकडं बघत बसलो. अर्धा तास लागला. सुटली गाठ. हळकुंड तिच्या मांडीवर पडलं तवा मी मोठ्यानं रडले, पाव्हण्यांना वाटलं म्हातारी उगंच रडती.

आता मी शेळगावला जाती तर दोन-दोन दिवस ऱ्हाती, सिंधू आन् मी निवड करत बसतो. सुरी दत्तूकडंच हाय. कुणी मागाया आलं तर द्यायची असं ठरलंय, पर आधी सगळं सांगायचं आन् मंग, पायजे असंल तर न्यावी.

आन् तुमी हे लिहून घेताय तर एक करा. त्या पोराची बायकू कुठं असंल, तर आता सत्तरीची असंल. दुसरं लगीन झालं असंल, न्हायतर तशीच ऱ्हायली असंल, लेकरं-नातवंडं असतील, मला काय ठावं न्हाय. मी दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडती, नाव ठावं न्हाय म्हणून नुसतं बाई म्हणती, त्या बाईला सुखात ठिव. तिच्या नात्यातलं कुणी हे वाचलं तर तिला एवढं सांगा म्हणावं, की तिच्या मालकानं हळकुंड शेवटपतुर काढलं नव्हतं. ते तुटलं, आमच्या तात्यांच्या हातनं तुटलं. पर टाकून दिलं न्हाय, परत बांधलं. गाठ नीट बसली नव्हती, पर बांधली व्हती.